आधीं मोजणी, मग बांधणी

(ज्युबिलीनिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेंत दिलेलें भाषण)



ह्या व्याख्यानमालेंत निरनिराळ्या धंद्यांतील मंडळींनीं आपआपल्या धंद्याची ओळख करून द्यावी, म्हणजे शिक्षण संपवून बाहेर पडणाऱ्या तरुणांस त्याचा कांहीं उपयोग होईल, असें चालकांनीं ठरविलें. डॉक्टर बोलले, वकील बोलले, शिक्षक बोलले. आतां पाळी माझी आली आहे. माझा धंदा सांगितला म्हणजे पुष्कळांना हंसूं येतें. करमणुकीचीं उद्यानें, मत्स्यालयें, संग्रहालयें, मोठीं प्रदर्शनें, थोडक्यांत म्हणजे लोक तिकीट काढून जेथें चार घटका आनंदांत घालवितात तीं स्थळें, उभारावीं कीं नाहीं, कोठें उभारावीं आणि केवढीं उभारावीं, ह्याविषयीं सल्ला देणें हें माझें काम. माझी म्हातारी मावशी मला एकदां म्हणाली, “म्हणजे बाबा, जत्रेंत पाळणा कोठें लावावा हें सांगण्याबद्दल तुला पैसे मिळतात?” मीं उत्तर दिलें, “होय मावशी. आणि लावूंच नये असें सांगण्याबद्दलही मिळतात.” मावशी हंसली, परंतु माझ्या धंद्याचें सारें मर्म त्या दुसऱ्या वाक्यांत आहे, आणि तेंच आज मला आपणांपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम एक घरगुती दाखला देतों. लग्नघरीं पांचशें माणसांना आमंत्रणें जातात. त्यांपैकीं किती येतील, एका वेळीं किती पानें मांडावीं लागतील, पहिली पंगत उठून दुसरी बसण्यास किती वेळ लागेल, हें जो आचारी आधींच अचूक सांगतो तोच खरा आचारी. अन्न उरलें तर यजमानाचा पैसा जातो. कमी पडलें तर अब्रू जाते. आमचें काम ह्याच जातीचें आहे. फरक इतकाच कीं, येथें आमंत्रण कोणालाच दिलेलें नसतें, पाहुण्यानें जेवणाचे पैसे द्यावयाचे असतात, आणि स्वयंपाकघर बांधण्यास कोट्यवधि रुपये आधींच खर्च झालेले असतात.

करमणुकीचीं उद्यानें ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. डेन्मार्क देशाच्या कोपनहेगन शहरांतील तिवोली नांवाचें उद्यान १८४३ सालीं उघडलें आणि तें अद्यापि चालू आहे. परंतु फार काळपर्यंत असलीं स्थळें मालकाच्या अंदाजावर आणि नशिबावर उभीं राहत. त्यांचा पद्धतशीर हिशेब करण्याचें स्वतंत्र शास्त्र उदयास आलें तें १९५३ सालीं, अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत. आणि त्याचा पाया घालणाऱ्या गृहस्थाचें नांव हॅरिसन प्राइस. १९२१ सालीं जन्मलेला हा मनुष्य यंत्रशास्त्राचा पदवीधर होता. पुढें त्यानें स्टॅनफर्ड येथें व्यापारविषयक शिक्षण घेतलें आणि स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या लॉस एंजेलिस येथील कचेरींत तो नोकरीस राहिला.

त्या काळीं वॉल्ट डिस्ने हे चित्रपटकार म्हणून जगप्रसिद्ध होते. आपल्या दोन मुलींना घेऊन ते सुटीच्या दिवशीं लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कांत जात. मुली लाकडी घोड्यांच्या फिरत्या चक्रावर बसत आणि बाप बांकावर बसून त्यांची वाट पाही. आईबापांना व मुलांना एकत्र मौज करतां येईल अशी एखादी जागा कां असूं नये, हा विचार आपल्या मनांत तेथें आला, असें ते पुढें सांगत. विचार सुंदर होता; पण जागा कोठें घ्यावी आणि तिजवर किती पैसा घालावा, हें कोण सांगणार? म्हणून १९५३ सालीं हें काम स्टॅनफर्ड संस्थेकडे आलें, आणि संस्थेनें तें प्राइस ह्यांच्यावर सोंपविलें. त्या वेळीं प्राइस अवघे ३२ वर्षांचे होते.

प्राइस ह्यांनीं प्रथम डिस्ने ह्यांनाच विचारलें कीं, आपल्या मनांत एखादी जागा आहे काय? डिस्ने ह्यांनीं सांगितलें कीं नाहीं. ती शोधून काढणें हें तुमचें काम. तरुण मित्रांनो, हा लहानसा प्रसंग ध्यानांत ठेवा. बहुतेक मालक उत्तर आधींच ठरवितात आणि मग त्यावर शिक्का मारणारा सल्लागार शोधतात. येथें एका बड्या माणसानें प्रश्न मोकळा ठेवला, म्हणूनच खरें उत्तर मिळण्याची वाट मोकळी झाली.

तें उत्तर प्राइस आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं कसें काढलें? त्यांनीं दक्षिण कॅलिफोर्नियाचा नकाशा घेतला, आणि लोकवस्तीचा मध्यबिंदु वर्षानुवर्षें कोणत्या दिशेस सरकत आहे हें मांडलें. तो आग्नेय दिशेस सरकत होता. जेथें लोक आज आहेत तेथें नव्हे, तर जेथें ते उद्यां असतील तेथें फाटक असावें, हा त्यांतला विचार. नंतर त्यांनीं उन्हाळ्यांतील उष्मा, पाऊस आणि शहरावर सांठणारा धूर ह्यांची तुलना केली. नवे रुंद रस्ते कोठून जाणार आहेत हें पाहिलें. जमीन सपाट आहे कीं चढउताराची, आणि ती वाजवी किंमतीस मिळेल कीं नाहीं, ह्याची चौकशी केली. ह्या सर्व कसोट्यांस जी जागा उतरली ती अॅनाहाइम गांवची, संत्र्यांच्या बागांची सुमारें १६० एकर जमीन. शेजारूनच लॉस एंजेलिसहून येणारा नवा राजरस्ता जावयाचा होता.

जागेबरोबर, हा उद्योग पैशाच्या दृष्टीनें तरेल कीं नाहीं, हाही प्रश्न होता. त्याच वर्षीं शिकागो येथें करमणुकीच्या उद्यानांच्या मालकांचें संमेलन भरलें असतां, प्राइस व त्यांचे सोबती डिस्ने ह्यांचे नकाशे घेऊन तेथें गेले आणि कांहीं मुरलेल्या मालकांस त्यांनीं ते दाखविले. मालकांचें मत पडलें कीं हें चालावयाचें नाहीं. एकच फाटक ठेवाल तर तेथेंच गर्दी तुंबेल. किल्ला, झाडें, फुलबागा ह्यांवर खर्च कराल पण त्यांतून तिकिटाचा पैसा येणार नाहीं. नेहमींचे हमखास चालणारे पाळणे तर येथें नाहींतच, असा त्यांचा आक्षेप होता. प्राइस ह्यांनीं तो ऐकून घेतला. परंतु अनुभव आणि मोजणी ह्यांत त्यांनीं मोजणीवर भिस्त ठेवली. मुरलेल्या माणसाचा अनुभव हा जुन्या गोष्टीचा अनुभव असतो. गोष्टच नवी असली म्हणजे तो तोकडा पडतो.

१७ जुलै १९५५ रोजीं डिस्नेलँड उघडलें. पहिला दिवस फजितीचा गेला. कडक ऊन, नुकतें घातलेलें मऊ डांबर, पिण्याच्या पाण्याच्या तोट्या अपुऱ्या, आणि खोटीं तिकिटें घेऊन आंत शिरलेली गर्दी, असा सगळा प्रकार झाला. परंतु वर्षाअखेर हिशेब पाहिला तेव्हां, संस्थेनें सालीना २५ ते ३० लाख माणसांचा अंदाज केला होता, आणि प्रत्यक्षांत सुमारें ३६ लाख आलीं होतीं. अंदाज चुकला, पण सावधपणाच्या बाजूनें चुकला. आणि आमच्या धंद्यांत चुकावयाचेंच असेल तर त्याच बाजूस चुकावें.

आतां हा आंकडा काढतात कसा, तें थोडक्यांत सांगतों. कारण पुष्कळांना वाटतें कीं सल्लागार आकाशाकडे पाहून तो सांगतो. प्रथम आम्ही दोन गट करतों: एक, उद्यानापासून तास दोन तासांच्या अंतरावर राहणारे लोक, दुसरा, त्या मुलुखांत फिरावयास येणारे परगांवचे प्रवासी. प्रत्येक गटांतील शंभर माणसांमागें वर्षांतून किती येतील, हें अशाच प्रकारच्या दुसऱ्या स्थळांच्या अनुभवावरून ठरवितों. त्यावरून सबंध वर्षाची संख्या निघते. परंतु वर्षाची संख्या ही अद्यापि निरुपयोगीच असते. कारण रस्ते, संडास, बांकें आणि उपाहारगृहें वर्षासाठीं बांधावयाचीं नसतात, तीं दिवसासाठीं बांधावयाचीं असतात.

समजुतीकरितां असें धरूं कीं वर्षाला ६ लाख माणसें येणार. सुटीच्या ऐन महिन्यांत त्यांचा सहावा हिस्सा, म्हणजे १ लाख येतील. त्या महिन्याच्या एका आठवड्यांत सुमारें २३ हजार. आणि आठवड्याच्या गर्दीच्या दिवशीं त्यांतील पांचवा हिस्सा किंवा थोडा अधिक, म्हणजे सुमारें ५ हजार. हे ५ हजार लोक एकदम आंत नसतात. कोणी सकाळीं येऊन दुपारीं जातो, कोणी दुपारीं येतो. शंभरांतील साठ एका वेळीं आंत आहेत असें धरलें तर ३ हजार होतात. ह्या ३ हजारांना बसावयास सावली, प्यावयास पाणी, खावयास अन्न, आणि दर तासास प्रत्येकीं निदान एक दोन करमणुकी मिळाल्या पाहिजेत. वर्षांतील अगदीं मोठ्या गर्दीच्या एकाच दिवसाचें माप घेऊन बांधाल तर उरलेले सर्व दिवस उद्यान ओस वाटेल आणि कर्ज फिटणार नाहीं. साधारण दिवसाचें माप घ्याल तर सुटीच्या दिवशीं लोक रांगांत कंटाळून शिव्याशाप देत घरीं जातील. म्हणून गर्दीच्या पंधरावीस दिवसांची सरासरी घेऊन तिच्या मापानें बांधावें, असा आमचा दंडक आहे. लग्नघरच्या आचाऱ्याची विद्या हीच. फक्त पंगत मोठी.

प्राइस ह्यांनीं १९५८ सालीं स्वतःची सल्लागार पेढी काढली, आणि पुढें अर्धशतकाहून अधिक काळ ते ह्याच कामांत राहिले. २०१० सालीं ते वारले. फ्लॉरिडा प्रांतांतील दुसऱ्या उद्यानाच्या जागेचा विचारही त्यांच्याच अभ्यासांतून झाला. अॅनाहाइमला एक गोष्ट राहून गेली होती. फाटकाबाहेरची जमीन डिस्ने ह्यांच्या मालकीची नव्हती, आणि बघतां बघतां तेथें परक्यांचीं वसतिगृहें व दुकानें दाटलीं. गर्दी खेंचली एकानें आणि तिचा मोठा लाभ झाला शेजाऱ्यांस. म्हणून फ्लॉरिडांत २७ हजार एकरांहून अधिक जमीन घेण्यांत आली. डिस्ने १९६६ सालीं निधन पावले. तें उद्यान १ ऑक्टोबर १९७१ रोजीं उघडलें. पहिल्या हिशेबांत सुटलेली बाब दुसऱ्या हिशेबांत धरणें, ह्यालाच ह्या धंद्यांत शिक्षण म्हणतात.

प्राइस ह्यांची एक शिकवण आमच्या धंद्यांत सर्वतोमुखी झाली आहे. मालक एखादी भव्य कल्पना घेऊन आला म्हणजे सल्लागारानें “नाहीं, कारण” अशी सुरुवात करूं नये. “होय, जर” अशी करावी. म्हणजे अमुक रस्ता झाला तर, खर्च अमुक मर्यादेंत राहिला तर, तिकीट अमुक ठेवलें तर हें साधेल. नुसता नकार कल्पना मारतो. अट घातलेला होकार तिला मार्ग दाखवितो. परंतु ह्या शिकवणीचा कित्येकांनीं सोयीस्कर अर्थ केला. त्यांनीं “होय” तेवढें ठेवलें आणि “जर” गाळून टाकलें. सगळी विपत्ति तेथूनच सुरू होते.

दोन उदाहरणें देतों. १९८४ सालीं अमेरिकेंतील न्यू ऑर्लिअन्स शहरीं जागतिक प्रदर्शन भरलें. प्रदर्शन देखणें होतें. परंतु दोनच वर्षांपूर्वीं, १९८२ सालीं, नॉक्सव्हिल येथें तसेंच प्रदर्शन होऊन गेलें होतें, आणि त्याच उन्हाळ्यांत लॉस एंजेलिसला ऑलिंपिक सामने होते. सुमारें ७३ लाख लोक आले. चालकांनीं धरलेल्या संख्येपेक्षां हे फारच कमी होते, आणि प्रदर्शन चालू असतांनाच त्याला दिवाळें जाहीर करावें लागलें. ज्यांचीं बिलें अडकलीं त्यांत लहान कंत्राटदारही होते, हें विसरूं नये.

दुसरें उदाहरण पॅरिसजवळचें. १२ एप्रिल १९९२ रोजीं तेथें डिस्ने कंपनीचें उद्यान उघडलें. पहिल्या वर्षीं १ कोट १० लाख लोक येतील अशी अपेक्षा होती, आणि त्यांच्या निवासासाठीं सुमारें ५ हजार खोल्या बांधल्या होत्या. माणसें पुष्कळ आलीं. परंतु तीं अपेक्षेइतकीं रात्रीं राहिलीं नाहींत, आणि त्यांनीं अपेक्षेइतका खर्चही केला नाहीं. फ्रेंच मनुष्य दुपारचें जेवण ठराविक वेळींच घेतो, म्हणून उपाहारगृहांवर एकाच घटकेस झुंबड उडे आणि मग तीं रिकामीं पडत. जेवणाबरोबर द्राक्षमद्य घेण्याची तेथील रीत. तें आरंभीं उद्यानांत मिळत नसे, तें १९९३ सालीं देऊं लागले. कर्जाचा बोजा इतका वाढला कीं १९९४ सालीं सावकारांशीं नवी तडजोड करावी लागली. डोकीं मोजलीं, पण त्या डोक्यांतल्या संवयी मोजल्या नाहींत, असा त्याचा अर्थ. तें उद्यान पुढें सांवरलें. परंतु धडा महाग पडला.

आतां परदेशच्या चुका सांगून मी स्वतः नामानिराळा राहिलों तर तें शोभणार नाहीं. आपल्या प्रांतांतही १९८९ सालीं गोराईस आणि २०१३ सालीं खोपोलीजवळ मोठीं उद्यानें उभीं राहिलीं, आणि लहानसहान तर कित्येक निघालीं. मी ह्या धंद्यांत नवा असतांना एका गृहस्थानें कोंकणच्या वाटेवर पाण्यांत खेळण्याचें उद्यान काढण्याचें मनांत आणून मजकडे हिशेब मागितला. मीं तो प्रामाणिकपणें केला. पावसाळ्याचे महिने वजा घातले, परीक्षांचे दिवस वजा घातले, रस्त्याचा त्रास जमेस धरला, आणि टापूंतील शंभर माणसांमागें सात येतील असें लिहिलें. अहवाल परत आला. बँकेला दाखविण्यास हा आंकडा लहान पडतो, तरी पुनः पाहावें, असा निरोप होता. मीं पुनः पाहिलें म्हणजे काय केलें? सातांचे अकरा केले. त्यासाठीं कारणेंही सुचलीं. हव्या त्या आंकड्याला कारणें नेहमींच सुचतात.

उद्यान बांधलें, उद्घाटन थाटांत झालें, आणि तिसऱ्या पावसाळ्यानंतर त्याचें फाटक पुनः उघडलें नाहीं. मी हिशेबाचे कागद नेण्यास तेथें गेलों तेव्हां तिकीटखिडकीवर काम करणारी एक मुलगी आपली उरलेली पगाराची रक्कम मागण्यास आली होती. गांवांतली आधींची नोकरी सोडून ती येथें लागली होती. तिनें मला ओळखलें. ती रागावली नाहीं, तिनें इतकेंच विचारलें, “साहेब, लोक येणार असें तुम्हींच लिहिलें होतें ना?” त्या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि आजही नाहीं. मालकानें मागितलें हें खरें. पण लिहिलें मीं. त्या दिवसापर्यंत मला वाटे कीं माझा आंकडा वाचणारे दोघेच, मालक आणि बँक. त्या आंकड्यावर विसंबून कोणी तरी आपली धड चाललेली नोकरी सोडतो, हें मला तेव्हां कळलें.

तेव्हांपासून मीं स्वतःला तीन नियम घालून घेतले. ह्या धंद्यांत येणाऱ्यांनीं ते जरूर विचारांत घ्यावे. पहिला नियम: आपलें मानधन उत्तरावर अवलंबून ठेवूं नये. बांधकाम झालें तरच पैसे मिळतील अशी बोली ज्यानें केली, त्यानें आपली जीभ आधींच गहाण टाकली. दुसरा नियम: जागा स्वतः जाऊन पाहावी, आणि ती रविवारीं नव्हे तर कामाच्या दिवशीं, हिवाळ्यांत नव्हे तर भर पावसांत पाहावी. तिसरा नियम: आंकडा एकटा लिहूं नये. कमींत कमी किती, जास्तींत जास्त किती, आणि कोणत्या अटी पाळल्या असतां कोणता, हें एकाच पानावर, सारख्याच ठळक अक्षरांत लिहावें. त्यांतली अट मालकानें पुसली तर निदान ती कोणी पुसली हें कागदावरून कळेल.

तरुण मुलांमुलींनो, ह्या धंद्यास अमुकच पदवी लागते असें नाहीं. कोणी अर्थशास्त्र शिकून येतो, कोणी स्थापत्य, कोणी हिशेबनीसी. प्राइस यंत्रशास्त्रांतून आले. लागतें तें असें: गणिताचा कंटाळा नसावा, फाटकापाशीं दिवसभर उभें राहून येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद करण्याची चिकाटी असावी, परक्या मुलुखांतील लोक केव्हां जेवतात, केव्हां थकतात, मुलांचा हट्ट कोठपर्यंत पुरवितात, हें निरखण्याची आवड असावी, आणि ज्याच्या हातून पैसे घ्यावयाचे त्यालाच न आवडणारी गोष्ट सभ्यपणें सांगण्याचें धैर्य असावें. पहिल्या तीन गोष्टी शिकतां येतात. चौथी घरांतून घेऊन यावी लागते.

बुरूज बांधावयास निघालेल्या माणसानें आधीं बसून खर्चाचा अंदाज करावा, हा दाखला ह्या सभागृहांतील प्रत्येकानें लहानपणापासून ऐकलेला आहे. त्या दाखल्यांत हंसें होतें तें बांधणाऱ्याचें. माझ्या धंद्यानें मला त्यांत एक गोष्ट शिकविली: अर्ध्यावर राहिलेल्या बुरुजापाशीं बांधणाऱ्याखेरीज गवंडी असतो, मजूर असतो, आणि तिकीटखिडकीवरची मुलगी असते. मोजणी त्यांच्यासाठींही करावयाची असते.

मावशीचा प्रश्न मला आतां हंसण्याजोगा वाटत नाहीं. पाळणा कोठें लावावा हें सांगणें चांगलें काम आहे. मुलांचें हंसूं पाहून त्याचें समाधानही मिळतें. परंतु जेथें लावूं नये तेथें “लावूं नका” असें वेळेवर सांगतां आलें, तर त्या दिवशींचें मानधन मीं खरें कमावलें असें मला वाटतें.